रंगूनसाठी बांधलेली शिदोरी

ठाणे, ९ मार्च १८८९

रंगूनहून आनंदाचं पत्र आलं. तार-हापिसात नोकरी करणाऱ्याची खोड, सगळं दुखणं चार ओळींत गुंडाळलं आहे. दिवाळीपासून ताप सुटत नाही, पोटातली पाणथरी वाढली आहे, डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नाही. तेव्हा बाबा, तुम्हीच या, समक्ष सांगण्यासारखं पुष्कळ आहे. एवढंच. उरलेलं सगळं पान वाटेविषयी. कल्याणला मेल पकडा, जबलपूर-अलाहाबादवरून कलकत्त्याला उतरा, तिथून बोट तीन-चार दिवसांत रंगूनला पोचवते. नवखा माणूस डेकवर सावली शोधत इंजिनाच्या धुरात जाऊन बसतो, तसं करू नका, पुढच्या बाजूला वाऱ्यावर पथारी टाका. पोट ढवळलं तर लिंबू चोखा, पण उपाशी राहू नका. छत्री घ्या, इथलं ऊन वाईट. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: बरोबर काही बांधून आणू नका, इथे सगळं मिळतं, फक्त तुम्ही या.

म्हणे सगळं मिळतं. सून पटकीने गेली त्या वर्षी यानं हट्टाने तिकडची बदली मागून घेतली. पाच वर्षांत विसरला दिसतो की त्याच्या बापाने कचेरीच्या फिरतीवर असतानासुद्धा दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलेलं नाही. आता पेन्शनीत बसून घेऊ का?

आक्काला पत्र वाचून दाखवलं. ती निवडत असलेलं सूप तसंच धरून बसली. आनंदाची आई, मंदाकिनी, गेली तेव्हा तो रांगत होता. माझ्या या विधवा बहिणीनेच त्याला वाढवला, त्यामुळे त्याच्या बाबतीत तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

"कधी निघतोस?" म्हणाली.

"तयारी करायला हवी."

"उद्या निघ, हरी."

बायकांना प्रवास म्हणजे गावातल्या कोपिनेश्वराच्या देवळात जाऊन येण्यासारखा वाटतो.

१२ मार्च

कल्याणचे महिपतशेट आले होते. तांदळाचे व्यापारी, वर्षातून एक-दोनदा रंगूनला जातात. महिन्यापूर्वीच आनंदाला भेटून आले आहेत. मी त्यांना मुद्द्याचं विचारलं, तिकडे माणसाने खायचं काय.

महिपतशेटांना खाण्याविषयी बोलायला फार आवडतं. सकाळी तिकडचे लोक माशांच्या रश्शात तांदळाच्या शेवया घालून खातात. नापी नावाचा कुजवलेल्या माशांचा गोळा असतो, त्याचा वास गल्लीच्या तोंडापासून येतो, आणि तो ज्याला सोसला त्याला रंगून सोसलं. चहाची पानं मुरवून त्यात तीळ, लसूण, भाजके दाणे घालून कोशिंबीर करतात. "ती मात्र पंत, तुम्हांला आवडेल." मला लसणाचीच शिसारी. मंगुस्तान म्हणून जांभळ्या सालीचं फळ असतं, आत पांढऱ्या पाकळ्या, ते भरपूर खावं. दुरियान हे फणसाच्या नात्यातलं, पण बंद खोलीत फोडू नये. आणि बांबूच्या नळीत तांदूळ-नारळ भरून नळीच विस्तवावर भाजतात. वरून बांबू सोलला की आत भाताची कांडी.

या शेवटच्या प्रकाराने माझं लक्ष वेधलं. भाताला कुणाचा हातच लागत नाही. पाणी मात्र कुणाचं, हा प्रश्न उरतोच.

"आनंदाच्या जेवणाचं काय?" मी विचारलं.

"घरात करणारं माणूस आहे. पेज वेळेवर मिळते. रात्री उशाशी बसायलाही आहे कुणी."

"ब्राह्मण आहे ना?"

महिपतशेटांना तंबाखूचा ठसका लागला, बराच वेळ खोकत होते. माजघराच्या दारातून आक्का त्यांच्याकडे एकटक पाहत होती. रंगूनला मद्रासी ब्राह्मण पुष्कळ गेलेत असं मी ऐकलं आहे. त्यांतलाच कुणी आचारी असणार. तेवढी एक काळजी मिटली.

जाताना महिपतशेट म्हणाले, "पंत, सत्याहत्तरच्या दुष्काळात ठाणं-कल्याण सगळं रंगूनचाच तांदूळ खात होतं, मीच आणलेला. तुम्हांला काही झालं नाही." हा माणूस चांगला आहे, पण कधी कुठे काय बोलावं हे त्याला कळत नाही.

१५ मार्च

त्र्यंबकशास्त्र्यांकडे जाऊन आलो. समुद्र ओलांडला की परतल्यावर प्रायश्चित्त चुकत नाही. पण घरचंच अन्न, घरचंच पाणी, आणि ते कुणी शिवलेलं नाही, अशी खात्री देता आली तर ते पंचगव्यावर निभावेल. नाहीतर पुढे पंगतीला बसण्याचे वांधे. म्हणजे सगळी मदार शिदोरीवर.

हे मी आक्काला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पोर तिकडे तापात पडलंय आणि तू पंगत कसली बघतोस?" मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. मला बोलायला येत नाही का? पण मी शिदोरीची यादी करायला घेतली.

२५ मार्च

तयारी जोरात आहे. सगळा विचार मी केला. पहिले दिवस दशम्या, दुधात भिजवलेल्या. दूध माजिवड्याच्या गवळणीचं, तिच्याकडे म्हशी स्वच्छ असतात. दशम्या संपल्या की बेसनाचे लाडू, मग सातूचं पीठ, ते नुसत्या ताकावर किंवा गुळाच्या पाण्यावरही चालतं. मेतकूट, आमसुलं, लिंबाचं लोणचं. पोहे आक्काच्या सासरहून, डोंबिवलीहून, मागवले आहेत. पाण्याला फिरकीचा मोठा तांब्या. ज्याला कुणाला समुद्रापार जायचं असेल त्याने हे माझ्याकडून उतरवून घ्यावं.

महिपतशेटांच्या कलावतीबाई देवदर्शनाला म्हणून आल्या आणि परसात आक्काशी दोन घटका कुजबुजत बसल्या. त्या गेल्यावर आक्काने ट्रंक उघडून लाल खणाचं एक झबलं तळाशी ठेवलं. आनंदाला झबलं कशाला, असं मी विचारलं.

"काचेच्या बाटल्यांना गुंडाळायला."

बाटली एकच आहे, लोणच्याची. शिवाय तिने अळिवाचे लाडू केले आहेत. ते अंगावर पाजणाऱ्या बाईला देतात, तापाला नव्हे. आक्काचं वय झालं.

६ एप्रिल

पाडवा करून आज निघालो आणि आज परत आलो. जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझ्या माथी दोष मारू नये.

ठाण्याहून कल्याणला वेळेवर पोचलो. मेल यायला अवकाश होता. तोवर मी फलाटाच्या कडेला, गर्दीपासून दूर, डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. मेल आली. खिडकीपाशी जागा मिळाली, डबा आणि तांब्या बाकावर ठेवले आणि हमालाने ट्रंक नीट चढवली की नाही हे पाहायला दारापर्यंत गेलो. तेवढाच काय तो हलगर्जीपणा. परत येतो तो समोरच्या बाकावरच्या कुटुंबातली दोन-अडीच वर्षांची पोरगी माझ्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. तोंडाला सातूचं पीठ. तांब्याचं झाकणही तिनेच काढलं होतं.

तिच्या बापाने हात जोडले. गवंडी असावा, भुसावळकडे चालला होता. "लेकरू हाय, महाराज. चूक झाली."

मी रागावलो नाही. तिचं नाव काय, असंही विचारलं. पण आता पुढे काय? आठ दिवस काय खाणार, काय पिणार? पाणी शिवलेलं, फराळ शिवलेला. तसाच गेलो तर शास्त्र्यांना काय सांगू? मेलची शिट्टी झाली. मी ट्रंक उतरवून घेतली. डबा त्या पोरीलाच ठेवला. तिच्या आईने खिडकीतून पुन्हा पुन्हा नमस्कार केला.

आक्काने दार उघडलं, माझ्या हातातली ट्रंक पाहिली आणि देवापुढे जाऊन बसली. मला फार अपराधी वाटायला हवं होतं खरं. पण गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा दुपारी डोळा लागला, तो थेट दिवेलागणीला उघडला.

२३ एप्रिल

आनंदाचं पत्र. अक्षर वाकडंतिकडं आहे. तुम्ही निघालात असं महिपतशेटांनी कळवलं होतं, मी धक्क्यावर माणूस पाठवला, तुम्ही उतरला नाहीत. बाबा, वाटेत काही झालं का? इथे आता आंबे आलेत, कच्चे आंबे मिठात घालून खाल्ले की तोंडाला थोडी चव येते. तुम्ही येताना कलकत्त्याला पाणी उकळून घ्या, तिथे पटकी आहे.

पटकी आहे. हे त्यानेच लिहिलं. ज्या रोगाने सून गेली, त्याच रोगाच्या साथीतून बापाने जावं अशी तर त्याची इच्छा नसणार. जरा शांत झाल्यावरच निघावं, हे बरं. मी तसं उत्तर पाठवलं, आणि वाटेत शिदोरीला विटाळ झाल्याचंही सविस्तर लिहिलं. तो समजून घेईल. लहानपणी सोवळ्यात मी जेवत असताना दोन हात लांब उभा राहून गोष्ट सांगा म्हणायचा, पण शिवायचा नाही. एकदाही शिवला नाही. फार गुणी पोर.

१८ मे

नवी शिदोरी तयार आहे. या खेपेला नव्या डब्याला कुलूप करून घेतलं. उन्हाने दशम्या दोन दिवसांत बुरसतात म्हणून दशम्या वगळल्या. आक्का हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते. लाडू वळताना मी जवळ बसलो होतो, तर म्हणाली, "हरी, एक विचारू? त्या दिवशी कल्याणला ती पोरगी नसती, तर तू दुसरं काय शोधलं असतंस?"

असलं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. मी उठून तळ्यावर फिरायला गेलो.

खरं सांगायचं तर, आणि हे इथेच सांगतो, मला त्या बोटीचं स्वप्न पडतं. सगळीकडे पाणी आणि मी पुढच्या बाजूला वाऱ्यात बसलेला, आनंदाने सांगितलं तसा. डबा कुलुपात आहे आणि किल्ली घरी राहिली आहे. पण स्वप्नं कुणाला पडत नाहीत? त्याचा याच्याशी संबंध नाही.

३ जून

दर्या खवळायचे दिवस आले. बंगालचा उपसागर या दिवसांत वाईट, असं वर्तमानपत्रात आलं आहे. महिपतशेट म्हणाले, "बोटी चालू असतात, पंत. माझा माल येतोच की." माल म्हणजे माणूस नव्हे. शिवाय मी बुडालो तर आनंदाला कोण? ट्रंक भरलेली ठेवली आहे. डबा फडताळात, कुलूपबंद.

९ जुलै

चातुर्मास लागला. शास्त्रीबोवा म्हणतात, चार महिने प्रवास टाळावा, कार्तिकीनंतर उत्तम योग आहे. तोवर आनंदाला उतार पडलेला असेल, मग त्यालाच घेऊन येता येईल, एकाच प्रायश्चित्तात दोघांचं होईल. मला हे फार पसंत पडलं. तसं पत्र टाकलं.

आक्काने या चातुर्मासात भात सोडला आहे. कशासाठी ते सांगत नाही.

१९ जुलै

तार आली. आनंदा काल पहाटे गेला.

तार त्याच्याच हापिसातल्या कुणीतरी ठोकली असणार. कट्ट, कट्ट. फार चटकन आली. एका दिवसात आली.

२ ऑगस्ट

क्रिया आटोपल्या. आक्का माझ्या पानात वाढते आणि आत जाते. बोलत नाही. मला वाटतं तिने काहीतरी बोलावं. शिव्या दिल्या तरी चालेल.

काल फडताळ उघडलं तेव्हा तो डबा समोर आला. पुन्हा लावून टाकलं.

९ सप्टेंबर

गणपती यंदा बसवला नाही. महिपतशेट रंगूनला गेल्याचं कळलं.

माणसं भेटायला येतात आणि मला समजावतात की तुम्ही काय करणार होतात, तुम्ही काय वैद्य आहात? खरंच आहे. मीही तेच म्हणतो. मग ते उठून जातात आणि मी त्या वाक्याबरोबर एकटा बसतो.

१७ नोव्हेंबर

आज दुपारी महिपतशेट आले. बरोबर एक बाई. पांढरी बंडी, पायघोळ रेशमी वस्त्र, केसांचा डोक्यावर बुचडा. कडेवर लहान मुलगी आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली तांब्याची लोटी. ती ओसरीच्या पायरीखालीच थांबली.

"पंत," महिपतशेट म्हणाले, "हे आनंदरावांचं घरचं माणूस. मा-तिन नाव."

मी मार्चात त्यांना ठसका लागला होता तो प्रसंग आठवत राहिलो. पेज करणारं माणूस. उशाशी बसणारं माणूस. मी त्याचा मद्रासी ब्राह्मण केला होता. आक्काला मात्र कुणी सांगावं लागलं नाही, ती केव्हाच पायऱ्या उतरून खाली गेली होती.

लोटीत आनंदाच्या अस्थी होत्या. बापाच्या हाती द्यायच्या असं तो सांगून गेला होता म्हणून ती एवढ्या लांब घेऊन आली. दोन्ही हातांनी तिने लोटी पुढे केली आणि मी दोन्ही हातांनी घेतली. मग रीत आहे तशी बाहेर बकुळीच्या फांदीला बांधली, घरात आणली नाही. तिने झाडापुढे गुडघे टेकून तिच्या पद्धतीने नमस्कार केला. बराच वेळ उठली नाही.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "वाटेत काय खाल्लं?" तेवढंच सुचलं. महिपतशेटांनी तिच्या बोलीत विचारलं आणि मला सांगितलं, "मिळेल ते. बोटीवर पोरीला ताप भरला, तेव्हा एका बोहऱ्याच्या बायकोने खिचडी दिली. आगगाडीत फुटाण्यांवर काढलं."

मुलगी ओसरीवर चढली होती. आक्काने तोवर फडताळातून तो डबा काढून आणला होता. कुलूप काढलं. आत हिशेबाने रचलेले लाडू, मे महिन्यातले. मुलीने लगेच हात घातला.

मी तिचं मनगट धरलं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आक्का, महिपतशेट, ती बाई. मुलगी रडली नाही. तिने वर पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजोबा, भूक."

आनंदाने शिकवलं असणार. कधीतरी मी येईन तेव्हासाठी.

"खवट झालेत लाडू," मी म्हणालो. "पोट बिघडेल म्हणून धरलं." हे खरं होतं. पण कुणालाच ते खरं वाटलं नाही, आणि का वाटावं?

आक्काने ऊन भात, मेतकूट, तूप पानावर आणलं आणि तिथेच ओसरीवर मुलीला मांडीत घेऊन भरवलं. सोवळ्यात होती. नाव काय तिचं, असं आक्काने विचारलं तर मुलगीच म्हणाली, "मंदाकिनी." मग मला तिथे बसवेना, मी बकुळीखाली जाऊन उभा राहिलो.

उन्हं कलल्यावर महिपतशेट म्हणाले, "निघू ना मग आम्ही? तूर्त दोघी माझ्याकडे कल्याणला आहेत." म्हणाले आणि थांबले. मला कळत होतं कशासाठी थांबले आहेत.

मी म्हटलं, "आधी अस्थी नाशिकला पोचवतो. मग पाहू."

१८ नोव्हेंबर

नाशिकला निघालो. गाडी कल्याणला थांबली. महिपतशेटांचं घर स्टेशनापासून लांब नाही. पण हातात अस्थी घेऊन कुणाच्या दारी जाऊ नये. मी खिडकीशी बसून राहिलो. आधी हे कार्य, मग स्नान, मग शास्त्र्यांना विचारून काय ते. प्रत्येक गोष्टीला क्रम असतो.

२१ नोव्हेंबर

रामकुंडात अस्थी सोडल्या. त्या तळाशी गेल्या तशी मला आनंदाची लहानपणची उंची आठवली, पंगतीपासून दोन हात लांब उभा असलेला. त्याला एकदा तरी जवळ ये म्हणायला हवं होतं. हे आता लिहून काय उपयोग.

परतताना गाडी पुन्हा कल्याणला थांबली. प्रवासाचे मळके कपडे होते. म्हटलं, घरी जाऊन, शुद्ध होऊन, आक्कालाच घेऊन येऊ.

२३ नोव्हेंबर

शास्त्रीबोवांना सगळं सांगितलं. म्हणाले, मुलीचं काही करता येईल, ग्रंथ पाहावे लागतील, आठवडाभराने या. मी आक्काला हे सांगितलं. परसदारी सोललेल्या बांबूच्या दोन नळ्या पडल्या होत्या. त्या बाईने कल्याणला महिपतशेटांच्या परसात भाजलेला भात ती जाताना आमच्या पायरीवर ठेवून गेली होती. मी नाशिकला निघालो तेव्हा नळ्या भरलेल्या होत्या.

"हा कुणी खाल्ला?" मी विचारलं.

"भातच आहे," आक्का म्हणाली.

आक्का सत्तावीस वर्षं सोवळ्यात आहे. चातुर्मासात तिने भात सोडला होता आणि कार्तिकी होऊन गेली तरी धरला नव्हता. थोड्या वेळाने माझं मलाच नवल वाटलं, कारण मनात जे आलं ते असं की आठवडाभर कशाला थांबायचं. उद्याच जातो.

२४ नोव्हेंबर, कल्याण

सकाळीच महिपतशेटांच्या दारी गेलो. कलावतीबाईंनी पाट मांडला. घरात मुलीचा आवाज नव्हता.

दोघी काल मेलने कलकत्त्याला गेल्या. शेटांचा गुमास्ता मालासाठी चालला होता, त्याच्या सोबतीने.

"मी येणारच होतो," मी म्हणालो. "घरात ठेवून घेण्याचंच पाहत होतो."

महिपतशेट म्हणाले, "पंत, ठेवून घ्या म्हणायला ती आली नव्हती. दाखवायला आली होती. तुम्ही पाहिलंत, ती गेली." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

बोट कलकत्त्याहून कधी सुटते, असं मी विचारलं. नक्की नाही, म्हणाले, कधी तीन दिवस थांबते, कधी आठ. गाठ पडेल का? सांगता येत नाही. नाहीतर पुढची बोट, पंत. त्यांनी गुमास्त्याचा कलकत्त्याचा आणि तिचा रंगूनचा ठिकाणा मला दोनदा सांगितला. मी पाठ केला.

ठाण्याला परत गेलो. आक्का चुलीपुढे होती. मी म्हटलं, आजच्या मेलने निघतो. ती डबा भरायला उठली नाही आणि मीही सांगितलं नाही. ट्रंकेच्या तळातून तिने ते खणाचं झबलं काढलं. मला वाटलं, ते आता आखूड होईल, पण तिने केव्हाच कड सोडून, खाली पट्टी लावून ते लांब केलं होतं. मार्चात बाटली गुंडाळायला ठेवलेलं. घडी करून माझ्या हातात दिलं आणि माझ्या पाया पडली. ती माझ्यापेक्षा मोठी आहे. "असं काय करतेस," म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या नाही पडले. जातोयस ना, त्या जाण्याच्या पाया पडले."

आता कल्याणच्या फलाटावर बसून लिहितो आहे. मेलला अवकाश आहे. भीती वाटते. एप्रिलात वाटली होती तीच, आणि तेव्हा मी तिला विटाळ म्हटलं होतं. समोर एक बाई फुटाणे विकते आहे. कुठली, कोण, विचारलं नाही. घेतले, खाल्ले. पाणी फलाटावरच्या पाणीवाल्याच्या हातून ओंजळीत घेतलं. कोमट होतं.

आनंदाने वाटेविषयी लिहिलेलं आठवून पाहतो आहे. धुरापासून लांब, पुढच्या बाजूला वाऱ्यावर. लिंबू. छत्री घरीच राहिली. बरोबर काही बांधून आणू नका, फक्त तुम्ही या, असं शेवटी होतं.

आज त्याचं ऐकलं आहे.